आवाज न करता : अस्थिकलश भरताना



आजचं वाचन : आश्वलायन गृह्यसूत्र, अध्याय ४, खंड ५

गेले काही दिवस आपण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहोत. बाविसावा श्लोक झाला, जुनं वस्त्र टाकून नवं घेण्याचा. ऐकायला सोपा, म्हणायला गोड. पण घरात कुणी गेलेलं असतं तेव्हा याच श्लोकातून एक प्रश्न डोकं वर काढतो. शरीर हे टाकून दिलेलं वस्त्रच असेल, तर तिसऱ्या दिवशी पहाटे उठून स्मशानात जायचं, राखेत बसायचं, हाडांचे तुकडे एकेक करून वेचायचे आणि मडक्यात भरून नदीपर्यंत न्यायचे, हे सगळं कशासाठी? टाकलेल्या कपड्यांची कुणी अशी घडी घालतं का?

या प्रश्नासाठी आज जरा वाट वाकडी करून गृह्यसूत्रात जाऊ. आश्वलायन गृह्यसूत्र हे ऋग्वेदी परंपरेचं. महाराष्ट्रात कितीतरी घरांचं सूत्र हेच आहे. मुंज, लग्न, घर बांधणं, अंत्यविधी असे घरातले संस्कार कसे करायचे ते त्यात अगदी थोडक्या शब्दांत सांगितलंय. भाषा इतकी काटकसरीची की आमच्या क्षेत्रातल्या कुठल्याही मॅन्युअलने लाजावं. एक शब्द जास्तीचा नाही. म्हणूनच त्यात एखादी बारीक गोष्ट मुद्दाम लिहिलेली दिसली की थांबायचं. ती उगाच आलेली नसते.

पाचव्या खंडात अस्थिसंचयन आहे, ज्याला आपण 'राख सावडणं' किंवा नुसतं 'सावडणं' म्हणतो. सूत्र म्हणतं, दहावी तिथी उलटल्यावर, कृष्णपक्षात, विषम तिथीला सावडावं. आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तिसऱ्या दिवशी सावडतात, आणि विद्युतदाहिनी असेल तर त्याच दिवशी अस्थी हातात येतात. पुढे भांड्याचा उल्लेख आहे. पुरुषासाठी कुंभ, स्त्रीसाठी कुंभी. आणि दोन्हींना विशेषण एकच लावलंय, अलक्षण. खुणा नसलेला, साधा.

मग जिथे दहन झालं त्या जागेभोवती तीन फेऱ्या, नेहमीच्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने. शमीच्या डहाळीने दूधपाणी शिंपडायचं. त्या वेळी म्हणायची ऋचा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या सोळाव्या सूक्तातली आहे. तिच्यात गारव्याला हाक मारलीय, आणि चक्क बेडकीला बोलावलंय! तिच्या आधीच्या ऋचेत अग्नीला सांगितलंय की तू ही जागा जाळलीस, आता तूच ती शांत कर, इथे पाणवनस्पती आणि दूर्वा उगवू देत. माणूस गेलेल्या जागी पाऊस पडावा, बेडूक ओरडावेत, हिरवं यावं, अशी ती इच्छा. मला हे फार आवडतं.

आणि त्यानंतर ते सूत्र येतं ज्याच्यासाठी हा लेख लिहितोय. अंगठा आणि अनामिका या दोनच बोटांनी एकेक अस्थी उचलायची, आवाज न करता कुंभात ठेवायची, पायांपासून सुरुवात, डोकं शेवटी.

आवाज न करता. इतक्या कंजूष ग्रंथाने हे शब्द खर्च केलेत.

स्वतः करून बघा, म्हणजे लक्षात येईल. (अस्थी नाही हो, एखादा खडू किंवा शिंपला घ्या.) अंगठा आणि अनामिका यांच्यात पकड कमजोर असते. ओरबाडता येत नाही, मूठ भरता येत नाही, घाई तर मुळीच करता येत नाही. आणि आवाज होऊ द्यायचा नसेल तर हात भांड्याच्या तळापर्यंत न्यावा लागतो, वरून टाकून चालत नाही. म्हणजे सूत्राने 'प्रेमाने ठेवा' असं कुठेही म्हटलेलं नाही. दोन अटी घातल्या आहेत, आणि त्या पाळल्या की हात आपोआप प्रेमाने वागतात. दुःखात बधिर झालेल्या माणसाला 'भावपूर्वक करा' सांगून काही होत नाही. त्याला बोटं कुठली वापरायची ते सांगावं लागतं.

पाय आधी, डोकं शेवटी, यामागचं कारण तर मडक्याकडे बघूनच कळतं. आपण मराठीत मडक्याला बूड म्हणतो, पोट म्हणतो, गळा म्हणतो, तोंड म्हणतो. पायाच्या अस्थी बुडाशी आणि कवटीचा तुकडा तोंडाशी ठेवला की माणूस त्या मडक्यात पुन्हा उभा राहतो. उलटा भरला तर तो डोक्यावर उभा! गंमत म्हणजे जपानमध्ये हीच पद्धत आहे. तिथे दहनानंतर नातेवाईक चॉपस्टिकने अस्थी उचलून कलशात ठेवतात, त्याला कोत्सुआगे म्हणतात, आणि क्रमही पायांकडून डोक्याकडे. कारणही तेच, की माणूस कलशात उलटा राहू नये.

आता कलश निवडण्याबद्दल, कारण ते ठरवायला बहुतेकांकडे एखादा तास असतो, आणि तोही फोन वाजत असताना.

साधा घ्या. हे मी स्वस्त पडतं म्हणून नाही सांगत, सूत्रातल्या 'अलक्षण' या शब्दामुळे सांगतोय. हल्ली ऑनलाइन चकचकीत कलश मिळतात, त्यावर नाव कोरलेलं, फोटो लावलेला, नक्षी काढलेली. भावना समजते. पण हे भांडं ठेवण्यासाठी नाही, देण्यासाठी आहे. जे भांडं नदीच्या काठावर हातातून सोडवत नाही ते या कामाला चुकीचं, असं माझं स्पष्ट मत आहे. मातीचं मडकं उत्तम, कारण ते जिथून आलं तिथेच जातं. घेताना टिचकी मारून पाहा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. रंग दिलेलं, चमकी लावलेलं नको, तो रंग पाण्यात उतरतो. लांबचा प्रवास असेल तर तांब्याचा कलश सोयीचा पडतो. मात्र तो विसर्जनानंतर परत आणायचा की तिथेच द्यायचा हे घरच्यांनी आधीच ठरवावं, ऐन घाटावर त्यावर चर्चा नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंड रुंद हवं. पूजेचा नेहमीचा तांब्या दिसायला छान, पण गळा अरुंद. मोठा तुकडा आत जात नाही. मग कुणीतरी तो दाबतं, नाहीतर सरळ मोडतं, आणि ते मोडल्याचा आवाज जवळ उभ्या असलेल्या मुलाच्या कानात पुढे वर्षानुवर्षं राहतो. 'आवाज न करता' या सूत्राचा खरेदीपुरता अर्थ इतकाच, की तुमचा हात मनगटापर्यंत आत जाईल असं भांडं घ्या.

आकाराचा हिशेब सोपा आहे. चितेवरून वेचलेल्या अस्थी ओंजळ-दोन ओंजळ असतात, त्याला एक-दीड लिटरचं मडकं पुरतं. बाकीच्या राखेची सोय वेगळी करावी लागते. परदेशात मात्र दहनानंतरचे सगळे अवशेष यंत्रातून बारीक करून, पिशवीत भरून देतात. ते दोन ते तीन किलो भरतात. तिकडे कलशासाठी एक ठोकताळा आहे, दर पाउंड वजनाला एक घनइंच. आपल्या मापात दर किलोला साधारण 36 मिलिलिटर. म्हणजे 70 किलोच्या माणसाला अडीच लिटर, थोडं सैल धरून तीन.

भरण्याआधी अस्थी पूर्ण गार झाल्यात ना, ते हात वरून फिरवून बघा. लाकडाच्या चितेत तिसऱ्या दिवशीही आतली राख गरम असू शकते. घाईने भरलं तर कापड करपतं, प्लास्टिकचा डबा तर वितळतोच. दूधपाण्याने धुतलेल्या अस्थी थोडा वेळ कोरड्या कापडावर पसरून ठेवा. मडक्याच्या तळाशी आधी मूठभर राख, नाहीतर तुळशीची पानं घाला, म्हणजे पहिला तुकडा मातीवर वाजत नाही. मग पाय, मग वर वर. तोंडावर सुती कापड बांधायचं, हवाबंद झाकण नको, आत ओल कोंडते. नावाची चिठ्ठी मडक्यावर चिकटवण्यापेक्षा बांधलेल्या दोऱ्याला लावा.

परदेशातून पिशवीत आलेल्या अवशेषांना पाय-डोकं हा क्रम लावता येत नाही. हरकत नाही, आवाज न करणं तर हातात आहे ना! पंखा, एसी बंद करा, खाली पांढरं कापड अंथरा, पिशवीचं तोंड कलशात आत नेऊन हळूहळू सोडा, किंवा पिशवीसकटच आत ठेवा. वरून ओतलं तर धूळ उडते, आणि ती धूळ झाडण्याची वेळ कुणावरही येऊ नये. पिशवीसोबत नंबर असलेला धातूचा बिल्ला असेल तर तो जपून ठेवा, ओळख त्यावरूनच पटते. आणि विमानात हातात घेऊन यायचं असेल तर भांडं लाकडाचं किंवा तत्सम घ्या, ज्यातून एक्स-रे आरपार जाईल. अमेरिकेत सुरक्षा तपासणीवाले कलश उघडत नाहीत, तुम्ही परवानगी दिलीत तरी नाही. जाड धातूचा असेल, आतलं दिसत नसेल, तर तो पुढे जाऊ देत नाहीत. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वाणिज्य दूतावासाचं पत्र जवळ ठेवावं.

एवढं सगळं सांगितलं, पण भरायचं कुणी?

माझी मावशी गेली तेव्हा मावसभाऊ परदेशात होता, त्याला यायला आठवडा लागणार होता. सावडायला घरातले चार-पाच पुरुष निघाले. मावसबहीण म्हणाली, "मी येणार, आणि मी भरणार." मोठ्या मामांना ते पटेना. चिडले नाहीत, पण "आपल्यात बायका जात नाहीत गं" एवढंच दोनदा म्हणाले. ती म्हणाली, "मामा, दोन वर्षं तिला आंघोळ मी घातली. आता हे दुसऱ्या कुणी करायचं?" मामा गप्प बसले. मग स्वतःच चप्पल घालून म्हणाले, "चल."

आश्वलायनात पाहिलं तर तिथे वयस्कर माणसं, विषम संख्येने, आणि स्त्री-पुरुष एकत्र नकोत असं आहे. म्हणजे मामांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. पण कृष्णयजुर्वेदाच्या बौधायन परंपरेत हे काम स्त्रियांचंच आहे. तिथे तर किती तपशील दिलाय! डाव्या हाताला निळ्या आणि लाल दोऱ्याने डोरलीचं फळ बांधायचं, दगडावर उभं राहायचं, आघाड्याने हात पुसायचे आणि डोळे मिटून डाव्या हाताने अस्थी वेचायच्या. हा आघाडा म्हणजे आपण गणपतीला पत्रीत वाहतो तोच. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड ज्यांना मिळेल त्यांनी त्यातलं अंत्येष्टीचं प्रकरण जरूर वाचावं. एकाच विधीच्या किती पद्धती होत्या ते पाहून 'आपल्यात असंच असतं' हे वाक्य जरा सावकाश उच्चारलं जातं.

तर ती बसली आणि भरू लागली. मावशीचा एक गुडघा बदललेला होता. राखेत तो धातूचा सांधा जसाच्या तसा होता, काळवंडलेला, पण ओळखू येणारा. तिने तो उचलला आणि बराच वेळ हातात धरून बसली. त्या गुडघ्यावर मावशी नंतर सहा वर्षं चालली होती, आळंदी ते पुणे वारीच्या वाटेवरसुद्धा. ती मामांना म्हणाली, "हा ठेवू का आत?" मामा म्हणाले, "नको बाळा. तो नदीत नाही विरघळायचा. आणि तो तिचा नव्हे, मागून आणलेला होता." तिने तो बाजूला ठेवला. मग पुढचा तुकडा उचलला, त्याच दोन बोटांनी.

(तुमच्याकडे असं झालं तर, सांधे, सळ्या, स्क्रू कलशात घालत नाहीत, स्मशानातल्या माणसाकडे द्यायचे. पेसमेकर मात्र दहनाआधीच काढून घ्यावा लागतो, त्यातली बॅटरी फुटते. दवाखान्यातच आठवणीने सांगा.)

मामांचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. धातू मागून आणलेला, हे खरंच. पण गीतेच्या हिशेबाने हाडंही मागूनच आणलेली. मग एक बाजूला ठेवायचं आणि दुसरं तुळशीच्या पानावर, असं का? ईशावास्याच्या सतराव्या मंत्रात याचा धागा सापडतो असं मला वाटतं. तिथे श्वास वाऱ्याला मिळतो, शरीराचा शेवट राखेत होतो, इथपर्यंत गीतेसारखंच आहे. पण लगेच पुढे मनाला सांगितलंय, की जे केलंस ते आठव, आणि हे दोनदा सांगितलंय. राख झाली म्हणून झालेलं पुसलं गेलं नाही. या हाडांवर उभं राहून कुणीतरी पोळ्या लाटल्या, तुम्हाला कडेवर घेतलं, रांगेत उभं राहून तुमची फी भरली. वस्त्र टाकणाऱ्याने टाकलं, बरोबर. त्याला त्याचं काही नाही. पण ज्यांना त्या वस्त्राने पांघरलं होतं, ते अजून इथेच आहेत ना. घडी ते घालतात.

सूत्राचा शेवटही याच सुरात आहे. अस्थी सुपात घेऊन साफ करायच्या आणि तो कुंभ जमिनीत खड्ड्यात ठेवायचा, अशा ठिकाणी जिथे पावसाचं सोडून इतर पाणी वाहून येत नाही. त्या वेळी म्हणायच्या ऋचा दहाव्या मंडलाच्या अठराव्या सूक्तातल्या. त्यात भूमीला आई म्हटलंय, ती लोकरीसारखी मऊ व्हावी आणि आई पोराला पदराखाली घेते तसं तिने याला झाकावं अशी विनवणी आहे. मग झाकण, आणि मागे वळून न पाहता परत.

इथे नदी नाही, हे लक्षात आलं? नाशिकचं रामकुंड, आळंदीची इंद्रायणी, पंढरीची चंद्रभागा, प्रयाग, हरिद्वार, ही आपली आजची श्रद्धास्थानं, आणि ती मनाला खरोखर आधार देतात. पण या सूत्रातला कुंभ मातीत जातो. त्यामुळे गावाकडे कुणी रक्षा शेतात घालून वर झाड लावलं, तर 'धर्म बुडाला' म्हणण्याआधी हा खंड वाचावा. आणि नदीत सोडताना प्लास्टिकची पिशवी, सिंथेटिक कापड, थर्माकोल पाण्यात जाऊ नये, एवढं तरी पाहा. ओंजळभर अस्थींचं नदीला ओझं नाही.

लगेच जाणं जमत नसेल तर घाबरूही नका. मोठ्या शहरांतल्या स्मशानभूमींत अस्थी ठेवायला खण असतात, मावशीचा कलश भाऊ येईपर्यंत तिथेच होता. भागवताच्या नवव्या स्कंधात सगराच्या साठ हजार मुलांची राख अंशुमान, दिलीप आणि भगीरथ अशा तीन पिढ्या वाट बघत पडून राहिली होती. शेवटी राख गंगेकडे गेली नाही, गंगाच राखेकडे आली. आपल्या काळातलं उदाहरण हवं असेल तर श्यामजी कृष्ण वर्मा. 1930 मध्ये जिनिव्हात गेले, आणि अस्थी स्वतंत्र भारतात न्याव्यात म्हणून तिथे जपून ठेवण्याची व्यवस्था स्वतःच करून गेले. त्या 2003 मध्ये भारतात आल्या. 73 वर्षं कलश थांबला. तुमचा आठ-पंधरा दिवस थांबला तर काही बिघडत नाही. भावाला, बहिणीला येऊ द्या.

उद्याचं वाचन याच अध्यायाचा सहावा खंड. घरातलं कुणी गेल्यानंतर अमावास्येला करायची शांती त्यात आहे. त्या रात्री अग्नी पेटता ठेवून, सगळीकडे सामसूम होईपर्यंत घरातले लोक एकत्र बसतात आणि दीर्घायुषी माणसांच्या गोष्टी, इतिहास, पुराणं सांगत-ऐकत राहतात. खंड छोटा आहे, जेवणानंतर दहा मिनिटांत होईल.

राम कृष्ण हरी.